नकाराचं प्रकरण लिहा: मराठीतल्या कुमार-फॅन्टसीच्या लेखक-संपादकांना खुलं पत्र

मराठीत कुमारवयीन वाचकांसाठी फॅन्टसी लिहिणाऱ्या, अनुवाद करणाऱ्या आणि छापणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

डोंबिवलीत आठवी ते बारावीच्या मुलामुलींचा एक वाचनकट्टा मी चालवते. मुलं जे वाचतात ते मीही वाचते, आणि त्यातलं बरंचसं इंग्रजीतलं यंग अ‍ॅडल्ट फॅन्टसी असतं. हॅरी पॉटर मराठीत आला आणि घरोघरी वाचला गेला. पण त्याच्या पुढच्या वयाचं, पंधरा ते अठरा वर्षांच्या वाचकाला आपलं वाटेल असं अद्भुत मराठीत फार थोडं आहे. ते लिहायची, निदान अनुवादातून आणायची ज्यांची इच्छा आहे, त्यांच्याशी मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे: प्रेमत्रिकोण. पुढे काही कादंबऱ्यांचे शेवट सांगावे लागतील. ज्यांना ते आधी कळायला नको असतील त्यांनी हे पत्र बाजूला ठेवावं.

कट्ट्यावर हा विषय निघाला की दोन तट पडतात. काहींचं म्हणणं, दुसरा मुलगा कथेत शिरला की पुस्तकाची वाट लागलीच. राज्य जळत असतं आणि नायिका कोणाचे डोळे कसे आहेत यात पानंच्या पानं घालवते. बाकीच्यांचं म्हणणं, तीच तर मजा आहे, नाहीतर लढाया काय कुठेही वाचायला मिळतात. दोन्ही बाजू मनापासून बोलतात आणि दोन्हींत तथ्य आहे. आपल्यावर एकाच वेळी दोघांचा जीव जडावा, ही कल्पना सोळाव्या वर्षी किती सुखाची असते हे कुणीही नाकारू नये. त्या सुखाला उथळ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण इतक्या वर्षांच्या वाचनातून माझं एक मत पक्कं झालं आहे. नायिका होकार कोणाला देते, यावर त्रिकोणाची गोडी फार थोडी ठरते. दुसऱ्याला ती नकार कसा देते आणि तो नकार तो कसा पचवतो, यावर ती जवळजवळ सगळी ठरते. आणि नेमकं तेवढंच प्रकरण लिहायचं बहुतेक लेखक टाळतात.

ही पद्धत रुळली कशी, ते थोडं बघू. स्टेफनी मायरची ट्वायलाइट २००५ साली आली आणि पुढे दर वर्षी एक असे भाग येत २००८ मध्ये मालिका संपली. बेला ही नायिका, एडवर्ड हा तिचा व्हॅम्पायर प्रियकर, आणि जेकब हा तिचा मित्र, माणसाचा लांडगा होणाऱ्या जमातीतला. पहिल्या भागात जेकब जवळजवळ पाहुणाच आहे. दुसऱ्यात एडवर्ड निघून जातो आणि त्या रिकाम्या जागेत जेकब वाढतो. दोन भागांमधल्या वर्षभराच्या प्रतीक्षेत वाचकांच्या तोंडी एक प्रश्न राहिला: आता कोण? २००९ मध्ये दुसऱ्या भागाचा सिनेमा आला तोवर टीम एडवर्ड आणि टीम जेकब असे टी-शर्ट अंगावर चढले होते. प्रकाशकांना यातून एक सोय कळली. तीन-चार भागांची मालिका असेल तर मधला भाग नेहमी लंगडतो, कारण सुरुवातीचं नावीन्य संपलेलं असतं आणि शेवट अजून द्यायचा नसतो. तिथे दुसरा मुलगा उभा केला की भाग चालतो. त्यात या कादंबऱ्या बहुतेक नायिकेच्याच तोंडून सांगितलेल्या. ट्वायलाइटची बेला, 'द हंगर गेम्स'ची कॅटनिस, ग्रीशा मालिकेतली अलिना, 'रेड क्वीन'ची मेअर, सगळ्या 'मी'च. त्यामुळे तिची चलबिचल आपल्याला आतून जगावी लागते, आणि ते दोन मुलगे तिच्या चलबिचलीपुरतेच उरतात. त्यांना स्वतःचं दुःख आहे, हे आपल्यापर्यंत पोचत नाही.

ट्वायलाइटच्या तिसऱ्या भागातली तंबूतली रात्र आठवा. डोंगरावर हिमवादळ आहे, बेला थंडीने कुडकुडते आहे. एडवर्ड व्हॅम्पायर, त्याचं अंग बर्फासारखं. तो तिला ऊब देऊ शकत नाही. जेकबचं अंग माणसाहून कितीतरी तापलेलं, म्हणून तो तिच्या स्लीपिंग बॅगमध्ये शिरतो. एडवर्डला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं, त्यामुळे जेकबच्या डोक्यात काय चाललं आहे हेही त्याला ऐकत बसावं लागतं. बेला अर्धवट झोपेत असते आणि हे दोघे पहिल्यांदा एकमेकांशी धड बोलतात. त्या चारही भागांत मला सर्वांत आवडलेला हा प्रसंग आहे. कारण इथे अद्भुताचे नियमच, कोणाचं अंग गरम आणि कोणाचं थंड, प्रेमाची अडचण होऊन उभे राहतात. त्रिकोण आणि फॅन्टसी एकमेकांत विणल्याशिवाय असा प्रसंग लिहिताच येत नाही.

आणि त्याच भागात त्याआधी काय होतं? जेकब बेलाचं तिच्या मनाविरुद्ध चुंबन घेतो. ती त्याला ठोसा मारते, त्यात तिचाच हात दुखावतो. घरी आल्यावर तिचे वडील जेकबलाच शाबासकी देतात. पुढे मालिकेचा शेवट जवळ येतो आणि लेखिकेला प्रश्न पडतो की या नाकारलेल्या मुलाचं करायचं काय. उत्तर म्हणून बेलाला झालेल्या तान्ह्या मुलीशी जेकबची जन्माची गाठ बांधली जाते, त्याच्या जमातीतल्या एका जादूने, त्याच्याही मनाला न विचारता. एका फटक्यात त्याचं दुःख नाहीसं. बेलाला कधी त्याच्या डोळ्यांत बघून 'नाही, आणि हे कायमचं' म्हणत जगावं लागत नाही, आणि जेकबलाही ते 'नाही' घेऊन मोठं व्हावं लागत नाही. एवढी पानं ज्या पेचासाठी वाचली, तो पेचच कुणीतरी उचलून नेला, असं मला तिथे वाटलं होतं. आजही वाटतं.

पळवाटा आणखी आहेत. सर्वांत सोपी म्हणजे दुसऱ्या मुलाला खलनायक करून टाकणं. सबा ताहिरच्या 'अ‍ॅन एम्बर इन द अ‍ॅशेस' या २०१५ च्या कादंबरीत लायाच्या आयुष्यात इलायस आहे आणि कीनन आहे. दुसऱ्या भागात कळतं की कीनन हा मुळात माणूसच नव्हता, सूडासाठी रूप घेऊन आलेला शत्रू होता. धक्का बसतो, कबूल. पण लायाने कीननवर जो विश्वास टाकला होता, त्याचा हिशेब मग कुणी मागत नाही. सारा जे. मासच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' या मालिकेतही तेच; तिची नायिका फेरा. २०१५ च्या पहिल्या भागात जिच्यासाठी आपण टॅमलिनचा जीव वाचावा म्हणून देव पाण्यात ठेवतो, तिला पुढच्या वर्षीच्या भागात तो घरात कोंडून ठेवतो आणि दुसऱ्या मुलाची, रीसँडची, वाट मोकळी होते. त्यातलं कोंडमाऱ्याचं चित्रण खरं आणि दाहक आहे, ते मी मानते. तरी असा प्रश्न राहतोच की टॅमलिन चांगला माणूस राहिला असता आणि तरीही फेराचं मन बदललं असतं, तर? मन बदलायला समोरचा वाईटच असावा लागतो का? सतरा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न आयुष्यात कधी ना कधी पडतोच, आणि पुस्तक तिथेच तिची साथ सोडतं.

व्हिक्टोरिया अ‍ॅव्हयार्डच्या 'रेड क्वीन'ला मात्र मी यातून वगळेन. राजपुत्र मेव्हनचं गोड वागणं हाच तिथे दरबारी डाव आहे. मेअर एकट्या मुलाकडून फसत नाही, अख्ख्या राजसत्तेकडून फसते. तिथे त्रिकोण काढला तर कादंबरीच उरत नाही.

आता जिथे हे जमलं आहे तिथे येते. सुझन कॉलिन्सची 'द हंगर गेम्स' काटेकोर अर्थाने फॅन्टसी नाही, भविष्यातल्या जुलमी राज्याची गोष्ट आहे, पण मुलं ती याच फळीवरून उचलतात. तिथे मुलांना मरेपर्यंत लढवणारा खेळ सगळ्या देशाला दाखवला जातो, आणि कॅटनिस आणि पीटा त्यात उतरलेले आहेत. गुहेतला प्रसंग बघा. पीटा तापाने फणफणला आहे, कॅटनिस त्याचं चुंबन घेते, आणि थोड्या वेळात आकाशातून चंदेरी पॅराशूटला बांधलेलं गरम सूपचं भांडं खाली येतं. ते पाठवणाऱ्या हेमिचचा, त्यांच्या मार्गदर्शकाचा, निरोप तिला लगेच कळतो: एका चुंबनाला एक भांडं. प्रेक्षकांना प्रेमकथा हवी आहे, ती दिलीस तर जगशील. इथे प्रेम हीच शिधापत्रिका झाली आहे. त्यानंतर ती पीटाचा हात धरते तेव्हा त्यातलं खरं किती आणि कॅमेऱ्यासाठी किती, हे तिचं तिलाही सांगता येत नाही. कोण आवडतो, हा साधा प्रश्न या राज्यात निर्मळपणे विचारताच येत नाही. राजकारण आणि प्रेम यांची अशी गाठ मी दुसऱ्या कुठल्या कुमार-कादंबरीत पाहिलेली नाही.

आणि तिसऱ्या भागात, २०१० च्या 'मॉकिंगजे'त, नकाराचं प्रकरण आहे. जेमतेम दोन पानांचं. बॉम्बस्फोटात कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम गेली आहे. त्या बॉम्बची कल्पना गेलने, म्हणजे तिच्या शिकारीतल्या जुन्या सोबत्याने आणि या त्रिकोणातल्या दुसऱ्या मुलाने, आखलेल्या सापळ्यांशी जुळते. गेल तिच्याकडे येतो, हातात तिचा बाण. तो तुझाच बॉम्ब होता का, असं ती विचारते. त्याला माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही. तुझ्या घरच्यांना सांभाळणं, तेवढं एकच माझ्या बाजूने होतं, असं तो म्हणतो. नेम नीट धर म्हणतो आणि जातो. प्रेम हा शब्दही कुणी उच्चारत नाही. रागावणं नाही, विनवणी नाही. हा नकार आहे हे दोघांना कळतं आणि आपल्यालाही.

कट्ट्यावर यावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ बोललो. नववीतला एक मुलगा गेलसाठी भांडत होता, त्याने मुद्दाम थोडंच केलं होतं म्हणत. अकरावीतली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मुद्दाम केलं नाही म्हणून तिने त्याच्याशी लग्न करायचं का?" मग बराच वेळ कुणी पीटाचं नावही घेतलं नाही. सगळे गेलबद्दलच बोलत होते: तो आता काय करेल, त्याला तिची आठवण येत असेल का, त्याने परत यायला हवं का. परत येऊ नये, असं शेवटी त्या नववीतल्या मुलानेच सांगितलं. कुठल्याही नीतिपाठाने एका संध्याकाळी एवढं साधलं नसतं.

दुसरं उदाहरण मला अधिक जवळचं आहे. कॅसांड्रा क्लेअरची 'द इन्फर्नल डिव्हायसेस' ही तीन भागांची मालिका, २०१० ते २०१३, गोष्ट १८७८ च्या लंडनमधली. टेसा, विल आणि जेम. विल आणि जेम हे शपथेने बांधलेले जिवाभावाचे सोबती आहेत, आणि जेम एका राक्षसी औषधावर तगून आहे; ते घेतलं तरी मरण, सोडलं तरी मरण. विलची समजूत अशी की आपल्यावर शाप आहे, जो आपल्यावर प्रेम करेल तो मरेल. म्हणून तो टेसाला मुद्दाम दुखावून दूर ठेवतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी त्याला कळतं की शाप खोटा होता. तो धावत टेसाकडे येतो, आजवरचं सगळं सांगतो. पण तिने त्याआधीच जेमला होकार दिलेला असतो. विलने काय करावं? तो जेमला काही कळू देत नाही. मित्राच्या वाट्याला आलेलं थोडं सुख आपल्यामुळे नासू नये म्हणून गप्प राहतो. तोच विल, जो आधी सगळ्यांना तोडून बोलायचा.

हा त्रिकोण इतका सुंदर का वाटतो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक तर यातले दोघे मुलगे एकमेकांवर जीव टाकतात. टेसाचा कुठलाही निर्णय त्या मैत्रीला भोवणार. त्रिकोणाची तिसरी बाजू इथे खरोखर काढलेली आहे, एरवी ती मत्सराच्या दोन वाक्यांत उरकतात. आणि दुसरं, ही मालिका 'मी'च्या तोंडून सांगितलेली नाही. लेखिका कधी टेसाजवळ असते, कधी विलजवळ, कधी जेमजवळ. नाकारला गेलेला मुलगा रात्री एकटा काय करतो, हे आपण बघतो. शेवटी टेसाला आयुष्याच्या वेगवेगळ्या काळात दोघेही मिळतात, कारण ती अमर आहे. ही पळवाट नाही का, असं मला मुलांनी विचारलं आहे. माझ्या मते नाही, कारण त्याची किंमत ती मोजते: विलचं म्हातारपण आणि मरण ती स्वतः तरुण राहून बघते.

लहानसं श्रेय आणखी दोघांना. 'थ्रोन ऑफ ग्लास'च्या पहिल्या भागात सेलेना राजपुत्र डोरियनला स्वतःहून थांबवते, आणि पुढे तो तिचा मित्र राहतो. ली बार्डुगोच्या ग्रीशा मालिकेतला निकोलाय अलिनाला लग्नाची मागणी घालतो, नकार मिळतो, आणि तो राज्य चालवायला लागतो. दोघेही वाचकांचे लाडके आहेत, यात मला नवल वाटत नाही. त्याच मालिकेचा शेवट, जिथे अलिनाची शक्तीच जाते आणि ती मालबरोबर जुन्या अनाथाश्रमात परतते, मला पटलेला नाही. पण ते भांडण वेगळं.

हे सगळं तुम्हाला मराठीत का सांगते? आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत 'एकतर्फी प्रेमातून हल्ला' हा मथळा इतका सवयीचा झाला आहे की तो वाचून आपण पुढच्या बातमीकडे वळतो. मुलीने नाही म्हटलं, आणि मुलाला पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. त्याला तसं माहीत असलेला एकही मुलगा गोष्टीत भेटला नव्हता, असं मी म्हटलं तर ते फार होईल. गुन्ह्याची कारणं पुस्तकांच्या अभावात शोधू नयेत. पण गोष्टींत असा मुलगा आपण किती वेळा दाखवला, हे विचारायला हरकत नाही. आपल्या जुन्या कथांत मुलीचा होकार फार देखणा आहे. लग्न जमावं म्हणून मुलींना एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराचं पारायण करायला सांगतात, आणि त्या कथेत रुक्मिणी स्वतः कृष्णाला पत्र लिहिते. केवढं धाडस! पण शिशुपाल? त्याच्या वाट्याला पराभव, हसं, आणि पुढे राजसूयात मरण. नाकारला गेलेला हा आपल्या कथांत शत्रूच असतो. चांगला असून नाकारला गेलेला आणि त्यानंतरही चांगला राहिलेला माणूस आपल्याला लिहायचा राहून गेला आहे. फॅन्टसीत त्याला जागा आहे, कारण तिथे मुलांचे पहारे सैल असतात. वर्गात 'नकार' या विषयावर तोंड न उघडणारी मुलं गेलवर दोन तास बोलतात, हे मी पाहिलं आहे.

म्हणून लेखकांना माझी विनंती आहे. त्रिकोण घ्यायचा तर जरूर घ्या, पण दुसऱ्या मुलाला गरज संपली की मारू नका, राक्षस ठरवू नका, घाईने दुसरी मुलगी शोधून देऊ नका. तो चांगला असताना तुमच्या नायिकेला नाही म्हणू द्या, कारण विचारलं तर तिला नीट सांगता येऊ नये इतकं ते तिचं असू द्या. आणि त्याच्यासाठी, ते ऐकल्यानंतरच्या दिवसासाठी, चार पानं राखून ठेवा. जमलं तर ती चार पानं त्याच्या बाजूने लिहा. आणि त्रिकोण नको असेल तर बेधडक टाळा. बार्डुगोच्याच 'सिक्स ऑफ क्रोज'मध्ये काझ आणि इनेझ यांच्यामध्ये तिसरं कुणी नाही. काझला कुणाचा स्पर्शच सहन होत नाही, तो कायम हातमोजे घालून असतो, आणि तेवढी एक अडचण दोन जाडजूड पुस्तकांना पुरते.

संपादकांना आणि प्रकाशकांना वेगळं सांगते. मलपृष्ठावर 'ती कोणाला निवडेल?' असं छापू नका. त्याने पुस्तक खपेलही, पण वाचक आत शिरतो तो पैज लावूनच, आणि पैज हरलेला वाचक पुस्तकावर रुसतो. मुखपृष्ठावर नायिकेच्या दोन बाजूंना दोन मुलगे उभे करू नका. मधल्या भागात पानं भरत नाहीत म्हणून लेखकाला नवा मुलगा आणायला सुचवू नका, त्याऐवजी दोन भागांत मालिका संपवा. आणि हस्तलिखित हातात आलं की आधी नकाराचं प्रकरण शोधा. ते नसेल तर बाकी सगळं कितीही आवडलं तरी लेखकाला परत पाठवा आणि ते लिहून मागा. मुलं इंग्रजीत वाचतात ती त्यांची हौस आहे, पण ही पानं त्यांनी आधी मराठीत वाचावीत अशी माझी फार इच्छा आहे. पहिली प्रत आली की कट्ट्यावर वाचायला मी तयार आहे, आणि त्या नववीतल्या मुलाचं मत तुम्हाला जसंच्या तसं कळवेन.

आपली,
डोंबिवलीची एक वाचक